तोंडावर ठेवलेला हात

शास्त्रपाठ : ईयोब, अध्याय ३१, वचने २६ ते २८, अध्याय ३८ व ३९, अध्याय ४०, वचने १ ते ५. (प्रथम पाठ वाचावा, मग पुढील मजकूर.)



गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका खेड्यातील मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलो होतो. सायंकाळची उपासना आटोपून सर्वजण ओट्यावर बसले असता पूर्वेस चंद्र उगवला. उपदेशकांची सात-आठ वर्षांची कन्या त्याकडे टक लावून पाहत उभी होती. इतक्यात तिने एकाएकी मान खाली घातली आणि आईच्या पदराआड जाऊन हळूच विचारले, "आई, चंद्राकडे पाहिलं तर पाप लागतं का गं?" चौकशी करता असे कळले की, शब्बाथशाळेत शिकविणाऱ्या भावाने मुलांस चंद्रसूर्यास हात जोडू नयेत असे सांगितले होते; आणि हात जोडायचे नाहीत तर पाहूही नये, असा अर्थ त्या लेकराने आपल्यापुरता काढला होता.

त्या भावाचे चुकले असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. आपल्या वाडवडिलांनी ज्या दिवशी ख्रिस्ताचे नाव घेतले, त्या दिवशी ग्रहणाचे भय, नक्षत्रशांती, मुहूर्त आणि साडेसाती ही सारी त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली. त्यापायी कित्येकांचा पाणवठा तुटला, सोयरिकी तुटल्या. एवढे मोल देऊन जे बाहेर टाकले ते पुन्हा घरात शिरू नये म्हणून शिक्षकाने दार जरा घट्ट लावले, इतकेच. परंतु पाखडताना हात जोरात बसला म्हणजे फोलाबरोबर दाणेही सुपाबाहेर जातात. तसे आपल्या पुष्कळ मंडळ्यांत झाले आहे. भय गेले, हे देवाचे उपकार. पण त्याबरोबर मान वर करून पाहणेही गेले. आपल्या प्रार्थनामंदिरांत आता ध्वनिवर्धक आहे, पेटी-तबला आहे, लांबलचक प्रार्थना आहेत. पंधरा मिनिटे गप्प बसणे मात्र कोठे आढळत नाही. आम्हीही त्यांतलेच आहोत, हे पुढे कबूल करावे लागणार आहे.

आपली मंडळी मुळापासून अशी नव्हती. रे. नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि सारा महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. फुलाकडे पाहिल्याने त्यांचा विश्वास ढळला, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता पाठाकडे वळू. एकतिसाव्या अध्यायात ईयोब आपल्या निर्दोषपणाची शपथ वाहतो. आपण कोणास फसविले नाही, चाकरांचा हक्क बुडविला नाही, सोन्यावर भरवसा ठेवला नाही, असे तो एकेक सांगत जातो. आणि मध्येच म्हणतो की, सूर्य झळकताना किंवा चंद्र दिमाखाने चालताना पाहून माझे मन गुपचूप भुलले नाही व माझ्या हाताने माझ्या तोंडाचा मुका घेतला नाही. हे शेवटचे बोलणे आपणांस चमत्कारिक वाटते. त्या काळी त्या मुलखात लोक आपला हात ओठांस लावून आकाशातील ज्योतींस वंदन करीत असत. अब्राहाम ज्या ऊर नगरातून निघाला आणि ज्या हारानात राहिला, ती दोन्ही चंद्रदेवाच्या पूजेची नावाजलेली ठिकाणे होती. तेव्हा ईयोबाची शपथ पोकळ नाही. त्याच्या भोवती सर्वत्र हात ओठांकडे जात होते. त्याचा गेला नाही. शब्बाथशाळेतील आमच्या भावाची भीती ती हीच.

पण मग देवाने ह्याच मनुष्यास काय दाखविले?

ईयोबाची गोष्ट आपण जाणतो. गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगभर फोड उठले, आणि तो राखेत बसला. अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघे मित्र आले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ भुईवर बसले आणि कोणी एक शब्द बोलले नाही. आमच्या मते त्या तिघांनी केलेली सेवा तेवढीच. आठव्या दिवसापासून जे बोलणे सुरू झाले ते सदतिसाव्या अध्यायापर्यंत संपत नाही. अलीहू नावाचा एक तरुण तर आपण पोटात फार दिवस दाबून ठेवले होते असे म्हणून सहा अध्याय बोलतो. ह्या सर्वांच्या बोलण्यात पुष्कळ खरेही आहे. त्यांतील वाक्ये काढून आम्ही उपदेश केलेले आहेत. तरी त्याचा राखेत बसलेल्या मनुष्यास काडीचा उपयोग झाला नाही.

मग वावटळीतून परमेश्वर बोलतो. ईयोबाने विचारलेला प्रश्न एकच : हे माझ्यावरच का? त्याचे उत्तर ह्या अध्यायांत कोठेही नाही. आम्ही सेमिनरीत असताना ह्या गोष्टीचा आम्हांस राग येत असे. देव ईयोबास जणू हाताला धरून घराबाहेर नेतो आणि दाखवीत सुटतो : पृथ्वीचा पाया, समुद्राची दारे, हिमाची कोठारे, कृत्तिका, मृग, सिंहीण, कावळ्याची ओरडणारी पिले, डोंगरावरील रानबकरी, रानगाढव, अंडी मातीत टाकून जाणारी शहामृगी, बहिरी ससाणा. लढाईचा घोडा सोडला तर ह्यांतील एकही प्राणी माणसाच्या गोठ्यातला नाही. बैल नाही, शेळी नाही, कोंबडी नाही. आणि अडतिसाव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनात तर ज्या रानात मनुष्यवस्ती नाही तेथे आपण पाऊस पाडतो, असे देव सांगतो.

हे वचन आम्ही एका दुष्काळी गावी वाचले तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध भगिनी सर्वांदेखत म्हणाल्या, "देवाच्या पावसाला आमचं शिवार सापडत नाही, आणि ओसाड रान बरं सापडतं!" मंडळी हसली. आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि आजही पुरतेपणी सुचलेले नाही. एवढे मात्र त्यानंतर ध्यानात आले की, ज्यास आपण ओसाड म्हणतो ते कोणाचे तरी घर असते. सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी राखलेले माळरान आहे. नांगराखाली न येणारे ते कुसळांचे रान हेच त्या उंच, भारदस्त पक्ष्याचे शेत, घर आणि पाळणा. तो पक्षी आता देशात फार थोडा उरला आहे, आणि उरला आहे तो बहुतेक राजस्थानात. त्या रानावर पडलेला पाऊस आपल्या हिशेबाच्या वहीत वाया गेलेला पाऊस आहे. देवाच्या वहीत तो वाया गेलेला दिसत नाही. त्या भगिनीच्या कोरड्या विहिरीस ह्याने पाणी येत नाही, हे खरे. पण आपल्या दुःखाबाहेरही देवाचा काही कारभार चालतो, हे ईयोबास प्रथम दिसले ते येथे.

कृत्तिका आणि मृग ह्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ही नावे आपल्या शेतकरी बांधवांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. रोहिणी, मृग, आर्द्रा ह्या नक्षत्रांवर आपण पेरणीचा अंदाज बांधतो. जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास मृग निघाला असे म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की, पृथ्वीवरून पाहता सूर्य त्या तारकांच्या दिशेस आलेला असतो. त्या दिवसांत मृगाचे तारे दिसत नाहीत, कारण ते सूर्याबरोबर उगवतात व त्याच्याबरोबर मावळतात. सहा-सात महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूस गेली म्हणजे तेच तारे रात्री माथ्यावर येतात. पाऊस तारे पाडीत नाहीत. तो समुद्रावरील वारे आणतात. नक्षत्र हे ऋतूचे घड्याळ आहे, आणि घड्याळ पाहण्यात पाप नाही. घड्याळास नवस करू नये.

कृत्तिकांचा झुबका नुसत्या डोळ्यांस सहा-सात ताऱ्यांचा दिसतो. गॅलिलिओ ह्याने दुर्बिणीतून पाहून १६१० साली छापलेल्या आपल्या पुस्तकात तेथे ३६ तारे काढून दाखविले. आता हजारावर तारे त्या एकाच समूहात असल्याचे ठाऊक झाले आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. सूर्याचा किरण आपल्या शेतात पोहोचण्यास त्यास ८ मिनिटे २० सेकंद लागतात; कृत्तिकांहून निघालेल्या किरणास सुमारे ४४० वर्षे लागतात. म्हणजे आज रात्री जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल तो गॅलिलिओच्या त्या पुस्तकाच्याही आधी निघालेला आहे. मृगाच्या खांद्यावरील तांबूस तारा तो आर्द्रेचा. २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभी त्याचे तेज निम्म्याहूनही खाली गेले होते, आणि पुढे पुन्हा वाढले. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीच्या पडद्याआड तो झाकला गेला होता, असे पुढे कळले. तेव्हा आकाश म्हणजे खिळे ठोकलेला पत्रा नव्हे. तेथेही घडामोड चालूच आहे.

येथे आमच्या उपदेशक बंधूंस एक विनंती. देवाने ईयोबास कृत्तिकांचे बंध बांधण्याविषयी विचारले, आणि शास्त्रज्ञांस पुढे कळले की हे तारे परस्परांच्या आकर्षणाने बांधलेले आहेत. म्हणून बायबलात गुरुत्वाकर्षणाचा शोध आधीच लिहिला आहे, असा युक्तिवाद काही वक्ते करतात. तो करू नये. देव तेथे शास्त्राचा पाठ शिकवीत नव्हता. तो एका दुःखी मनुष्यास वर पाहावयास लावीत होता. असल्या युक्तिवादाने ऐकणारे टाळ्या वाजवितात, पण वर कोणी पाहत नाही.

आता चाळिसाव्या अध्यायातील चौथे वचन पाहा. इतके सर्व पाहून झाल्यावर ईयोब म्हणतो की, मी क्षुद्र आहे, मी आपला हात आपल्या तोंडावर ठेवितो. हात आणि तोंड ही दोन्ही पुन्हा आली. एकविसाव्या अध्यायात त्याने मित्रांस तोंडावर हात ठेवावयास सांगितले होते. एकोणतिसाव्यात, पूर्वी आपणांस पाहून सरदार तोंडावर हात ठेवीत, अशी त्याने आठवण काढली होती. एकतिसाव्यात, चंद्रास पाहून आपला हात ओठांकडे गेला नाही, अशी शपथ वाहिली होती. आता त्याच तारे-नक्षत्रांकडे देवाने स्वतः बोट दाखविल्यावर तो हात वर जातो. पण मुका घेण्यासाठी नाही, तर ओठ मिटण्यासाठी. आमच्या समजुतीप्रमाणे पूजा आणि विस्मय ह्यांतील भेद इतका बारीक आणि इतका मोठा आहे. जो चंद्रास हात जोडतो तो चंद्राकडे काही मागतो. ईयोब येथे काही मागत नाही. उलट, मागण्यांची जी लांब यादी त्याच्याजवळ होती ती तो क्षणभर खाली ठेवतो.

गप्प होणे म्हणजे झोपणे नव्हे, हे समजण्यास जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जावे. तेथे व आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप ह्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली ती दुर्बीण उभी राहिली. ती डोळ्याने पाहत नाही. दूरच्या ताऱ्यांकडून व आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ती जणू कान लावून ऐकते. ही जागा निवडण्याचे एक कारण असे की, तेथे माणसाने केलेला लहरींचा गोंगाट कमी होता. मोबाइल फोनच्या लहरींनीसुद्धा तिच्या कामात विघ्न येते. एका आकाशगंगेतील हायड्रोजन वायूची खूण त्या थाळ्यांनी टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. ती लहर तेथून निघून सुमारे ८८० कोटी वर्षे झाली होती. इतक्या दुरून आलेले ऐकावयाचे तर आपण किती निःशब्द व्हावे लागते, हे त्या थाळ्यांखाली उभे राहिल्यावर आम्हांस उमगले.

आता ती कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळीतील शेतकरी बांधवाचा एकोणीस वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापाने गेला. दफनानंतर आठवड्याने आम्ही त्यांच्या घरी गेलो. जाताना वचने निवडून नेली होती. आम्ही बोलू लागलो आणि बोलतच राहिलो : देवाची योजना, परीक्षा, सोने अग्नीत शुद्ध होते ते, सर्व काही. ते भाऊ भिंतीस टेकून ऐकत होते. आमचे संपल्यावर म्हणाले, "पाळकसाहेब, ह्या आठवड्यात लाइट रात्री दहाची आहे. गव्हाला पाणी द्यायचंय. दारं धरायला पोरगा असायचा. येता का?"

आम्ही गेलो. जानेवारीचा महिना, कृष्णपक्ष. चंद्र उगवला नव्हता. ते फावड्याने एक वाफा बांधून पाणी दुसऱ्यात सोडीत, आणि आम्ही बॅटरी धरून उभे. अकराच्या सुमारास वीज गेली. त्यांची मोटार थांबली, शेजारच्या विहिरींवरच्या थांबल्या, लांबचे गावातले दिवेही विझले. पाटात उरलेले पाणी तेवढे सरकत असल्याचा आवाज येत होता. त्यांनी सांगितले, "बॅटरी बंद करा, सेल उतरतो." आम्ही बंद केली.

प्रथम काही दिसेना. मग हळूहळू आकाश खाली येऊ लागले. मृग डोक्यावर होता आणि कृत्तिका पश्चिमेकडे कललेल्या होत्या. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "पोरानं एकदा विचारलं होतं, ह्या एका रांगेतल्या तीन चांदण्या कोणत्या. मी म्हटलं, तू पाण्याकडं बघ, वाफा फुटंल." आम्ही सांगितले की, तो मृगास लागलेला बाण. कृत्तिका दाखविल्या, आणि त्यांचा प्रकाश किती वर्षांपूर्वी निघाला तेही सांगितले. "चारशे चाळीस," असे ते एकदा पुटपुटले. त्या वेळी आमच्या मनात पुनरुत्थानाविषयी चार-पाच उत्तम वचने आली होती. त्यांतील एकही बाहेर पडले नाही. ही आमची थोरवी नव्हे, घसाच दाटला होता. दोघेही बांधावर बसून राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. दव पडून उपरणे ओले झाले होते, एवढे आठवते.

मग वीज आली, मोटार घुमू लागली, आणि ते फावडे घेऊन उठले. त्यांचे दुःख त्या रात्री हलके झाले असे आम्ही म्हणत नाही. तसे ते म्हणाले नाहीत, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. पहाटे आम्हांस रस्त्यापर्यंत सोडताना ते एवढेच म्हणाले, "परत आलात तर असंच रात्रीचं या."

ह्या पाठाबरोबर प्रत्येक मंडळीने एक गोष्ट करून पाहावी. अमावास्येच्या मागेपुढे एखाद्या निरभ्र रात्री, जेवणे झाल्यावर, सर्वांनी गावाबाहेरील मोकळ्या शेतात जमावे. अमावास्येस बाहेर पडू नये ही भीती अजून आपल्यांतील काहींच्या मनात दबून बसली आहे. तीही अशाने उजेडात येईल. उपदेशकांनी अडतिसावा अध्याय सावकाश वाचावा, आणि मग कंदील, बॅटऱ्या व फोन बंद करावेत. डोळ्यांस अंधाराची सवय होण्यास वीस मिनिटे तरी लागतात, म्हणून उतावीळ होऊ नये. त्या वेळात गाणे नको, प्रार्थना मोठ्याने नको, आणि उपदेशक बंधूंनो, स्पष्टीकरणही नको. हे तुम्हांस सर्वांत जड जाईल, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. गावात तारे ओळखणारा एखादा वृद्ध शेतकरी असेल, तो आपल्या मंडळीतला नसला तरी त्यास आदराने बोलवावे व नंतर त्याच्याकडून नावे शिकून घ्यावी. मुलांस पुढे बसवावे. गोधड्या न्याव्यात, आणि वहाणा घालण्यापूर्वी झटकून घ्याव्यात.

पुढील आठवडी बेचाळिसावा अध्याय घेऊ. त्यातील सातवे वचन, जेथे देव अलीफजाशी बोलतो, ते तोवर दोनदा वाचून ठेवावे.